चष्मा लावून वाचावे

सर्व लहान व्यापाऱ्यांनी महिनाअखेरपर्यंत ऑनलाइन धोक्यांपासून सुरक्षित व्हावे, असे व्यापारी संघटनेने कळवले. जे होणार नाहीत त्यांची नावे ‘असुरक्षित’ म्हणून कार्यालयाच्या दारावर लावली जाणार होती. चोरांना पत्ता शोधण्याचा त्रास पडू नये, एवढी काळजी आजवर कोणत्याही संघटनेने घेतली नसेल.

चष्मेवाल्याने पत्र दोनदा वाचले. शेजारच्या चपलांच्या दुकानाचे ऑनलाइन पान नुकतेच कोणीतरी पळवले होते आणि त्यावर आता टक्कल घालवण्याचे तेल विकले जात होते. चष्मेवाल्याकडे पळवण्यासारखी वस्तू एकच होती. वडिलांच्या काळापासूनचे अर्ध्या गावाच्या डोळ्यांचे नंबर त्याच्या संगणकात होते. कोणाचा डावा डोळा आळशी, कोणाला दांडी कानामागे टोचते, कोण जाड काच लपवायला रुंद फ्रेम मागते, सगळे त्यात होते. ते गेले की दुकानात आरसे आणि रिकाम्या फ्रेमा उरल्या असत्या. ‘ते गेलं तर आपण बुडालो,’ असे तो बायकोला म्हणाला, आणि ते खरेच होते.

संघटनेने सुरक्षा-सल्लागार पाठवला. त्याने संगणक पाहिला आणि तो इंटरनेटला जोडलेलाच नाही हे कळताच कपाळावर हात मारला. संगणकाला धोकाच नसेल तर त्याला सुरक्षित कसे करणार? म्हणून त्याने आधी इंटरनेट जोडून दिले, मग त्यापासून संरक्षण देणारी प्रणाली बसवली आणि दोन्हींचे पैसे घेतले.

सल्लागार तरुण होता आणि त्याचे डोळे उत्तम होते. पुढचा सगळा अनर्थ त्यातूनच झाला. प्रणालीतली अक्षरे त्याने मोहरीएवढी ठेवली, तीही पांढऱ्यावर फिकट करड्या रंगात, कारण हल्ली तसेच चालते. तयार चष्मे आता कुलूपबंद कप्प्यात राहणार होते. ग्राहकाच्या फोनवर कोड येईल, तो ग्राहकाने काउंटरवरच्या पडद्यावर टाकायचा, शेजारची वेडीवाकडी अक्षरे ओळखून आपण यंत्र नसल्याचे सिद्ध करायचे, मगच कप्पा उघडेल, अशी व्यवस्था होती. दुकान चष्म्याचे आहे, हे या व्यवस्थेत कोणी विचारात घेतले नव्हते.

पहिल्याच दिवशी मास्तरीणबाई आल्या. चष्मेवाला त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्यांच्या एकुलत्या एका चष्म्यावर व्याही बसले होते आणि नवा चष्मा कप्प्यात तयार होता.

“बाई, फोनवर काय आलंय ते वाचा, म्हणजे चष्मा देतो.”

“अरे, चष्मा दे, म्हणजे वाचते.”

दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, त्यामुळे बराच वेळ काहीच झाले नाही. चष्मेवाल्याने स्वतः वाचून द्यायची तयारी दाखवली, पण दुकानातल्या माणसाने ग्राहकाचा कोड पाहणे हा सर्वांत गंभीर सुरक्षाभंग होता. सल्लागाराला फोन लावला. त्याने सांगितले की ग्राहकाला वाचता न येणे ही ग्राहकाच्या बाजूची त्रुटी आहे, प्रणाली तिला जबाबदार नाही. फारच अडले तर कोड त्रयस्थाकडून वाचून घ्यावा, कारण त्रयस्थाचा यात काही स्वार्थ नसतो.

बाकावर एक गृहस्थ चष्म्याचा स्क्रू घट्ट करून घ्यायला बसले होते. स्वच्छ शर्ट, मऊ आवाज. त्यांनी अदबीने बाईंचा फोन हातात घेतला, कोड वाचला, टाकला, वेडीवाकडी अक्षरेही ओळखली. कप्पा उघडला. बाईंनी त्यांना आशीर्वाद दिला.

दुसऱ्या दिवशी गृहस्थ पुन्हा आले, आणि मग रोजच येऊ लागले. आंधळ्यागत चाचपडत आलेली माणसे त्यांच्या हाती विश्वासाने फोन देत, ते फोन थोडा वेळ हाताळत आणि हसून परत करत. सल्लागाराला ही कल्पना इतकी पटली की त्याने त्यांना ‘अधिकृत त्रयस्थ वाचक’ असा बिल्ला दिला. चष्मेवाल्याने स्क्रू घट्ट करतानाच पाहिले होते की गृहस्थांच्या चष्म्याला नंबर नाही, नुसती साधी काच आहे. त्याला ते चमत्कारिक वाटले होते. पण कोणाच्याही डोळ्यांची माहिती इतरांना सांगू नये, असा नवा नियम होता, आणि प्रणालीच्या हिशेबी बायकोही इतरांतच मोडत होती. तो गप्प बसला.

दर आठवड्याला पासवर्ड बदलणे सक्तीचे होते. ते फिकट पान चष्मेवाल्याला स्वतःचा चष्मा लावूनही दिसेना. तेव्हा तेही काम गृहस्थांकडे गेले. तेच वाचत, तेच टाकत, आणि लक्षात ठेवायला कठीण असा उत्तम पासवर्ड तेच निवडत.

एका सोमवारी गृहस्थ आले नाहीत. संगणकाने पासवर्ड मागितला. चष्मेवाल्याने आठवतील ते सगळे टाकून पाहिले आणि संगणक कायमचा बंद झाला. वडिलांपासूनचे सगळे नंबर आत राहिले. दुकान अखेर शंभर टक्के सुरक्षित झाले होते, मालकापासूनसुद्धा. दुपारपर्यंत ग्राहक येऊ लागले. ज्यांचे ज्यांचे फोन गृहस्थांनी हाताळले होते, त्यांची बँकेतली खाती रिकामी झाली होती.

सल्लागाराने रीतसर चौकशी केली आणि समाधान व्यक्त केले.

“प्रणालीत कोणीही घुसलेलं नाही,” तो म्हणाला. “प्रत्येक वेळी कोड बरोबर होता. दार तुम्हीच उघडलंत.”

संघटनेने त्याचा सत्कार ठरवला. चष्मेवाला दुकानात डोके धरून बसला. तेवढ्यात मास्तरीणबाई आल्या. त्यांचे पेन्शन गेले होते. त्यांनी आवाज चढवला नाही.

“मला अंधूक दिसत होतं, अरे, पण तुला तर दिसत होतं ना?”

चष्मेवाल्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. बिननंबरी काचेची गोष्ट त्याच्या ओठांवर आली. पण ती आता सांगून उपयोग नव्हता, आणि न सांगितल्याबद्दल क्षमा मागायला त्याची जीभ रेटेना.

संघटनेने तातडीने उपाय केला. यापुढे प्रत्येक दुकानात संघटनेने नेमलेला वाचक असेल, त्याचे शुल्क ग्राहक देईल, आणि त्यासाठी प्रत्येकाने एकदा संमती द्यावी. संमतीचे पान कार्यालयातल्या पडद्यावर होते. मजकूर लांबलचक, अक्षरे मोहरीएवढी, तळाशी ‘वाचले, समजले, मान्य आहे’ असे ठळक बटण. व्यापारी आणि ग्राहक रांगेने येत होते, बटणावर बोट ठेवत होते आणि बाहेर जाऊन व्यवस्थेला शिव्या देत होते. चष्मेवाल्यानेही बोट ठेवले, नाकावर चष्मा असताना.

मास्तरीणबाईंची पाळी आली. त्यांनी चष्मा पदराला पुसला, नीट बसवला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या परिच्छेदाशी त्या थांबल्या. नुकसान झाल्यास ते बटण दाबणाऱ्याचे, असे तिथे लिहिले होते. त्यांनी ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवले. वर्गात उत्तर द्यायला कोणी हात वर करत नसे तेव्हा पाहत, तसे त्यांनी मागे वळून पाहिले.

“अहो बाई, दाबा आणि पुढे व्हा,” रांगेतून कोणीतरी म्हणाले. “आम्हाला कामं आहेत.”

तो आवाज कोणाचा, हे शेवटपर्यंत कळले नाही. तुम्ही ओळखला असेल. आज सकाळीच तुम्ही तुमच्या फोनवर असल्याच एका पानाच्या तळाशी बोट ठेवलेत. त्यात काय लिहिले होते, सांगा पाहू.