पालखी फिरेल एवढी वाट

प्रदर्शनाच्या मैदानावर स्टॉल उभे राहिले की धाकूदादा शिगवण चपला काढायचे, एक लांबलचक बांबू खांद्यावर घ्यायचे आणि दोन रांगांमधल्या वाटेत जागच्या जागी गिरकी घ्यायचे. बांबूचं टोक ज्या स्टॉलला लागेल तो मागे सरकलाच म्हणून समजा. "यल्ला, सरकवा!" मग आत साबण असो की टीव्ही.

बहारीनला, मनाम्यात, ते ज्या कंत्राटदाराकडे कामाला होते त्याच्याचकडे मी नकाशे काढायचो. मी डोळे फोडून मैदानाचा नकाशा काढावा आणि धाकूदादांनी बांबूने तो तासाभरात निकालात काढावा, हा आमचा दरवर्षीचा कार्यक्रम. ते संगमेश्वराकडचे सुतार, स्टॉल उभारणाऱ्यांचे मुकादम. मी चिडून म्हणायचो, "दादा, कागदावर वाट पुरेशी आहे."

"कागदावर तू चाल. मानसं हितं चालनार."

आमचा साहेब इंग्रज. त्याला ती गिरकी म्हणजे सुरक्षेची काहीतरी खास भारतीय पद्धत वाटायची. पाहुण्यांना तो ती मुद्दाम दाखवायला आणायचा. धाकूदादाही गंभीर चेहऱ्याने "फायर, साहेब, फायर" म्हणून मोकळे व्हायचे.

खरं कारण मला इब्राहिमभाईंनी सांगितलं. ते अत्तरवाले, रत्नागिरीचेच. बांबू हटकून त्यांच्याच दुकानाला लागायचा.

"अरे, ती वाट गिऱ्हाइकांसाठी नाय. शिमग्याला याच्या गावात देवीची पालखी घरोघर येते, खांद्यावर घेऊन नाचवतात. याच्या अंगणात पहिला खांदा याचा. हा इथं अडकलाय, म्हणून इथंच पालखी फिरेल एवढी वाट ठेवतो, नि माझी अत्तरं मागं!"

अडकले होते हे खरंच. बहारीनमध्ये मेळे आणि प्रदर्शनं भरायची ती थंडीत, नाहीतर थंडी सरता सरता. शिमगा नेमका त्यातच. रजा मिळायची ती भर उन्हाळ्यात, मैदानात चिटपाखरू नसताना. तेव्हा गावात पाऊस आणि पालखी देवळात. दरवर्षी धाकूदादा शिमग्याची रजा मागायला जायचे आणि दरवर्षी साहेब म्हणायचा, "तुझ्याशिवाय मैदान उभं कसं राहणार?" याचा त्यांना अभिमानही वाटायचा, हीच तर पंचाईत होती.

तेव्हाचं मैदान म्हणजे नुसती वाळू. तंबू, पत्रे, दिव्यांच्या माळा. वारा सुटला की कापडी छपरं उडायची आणि ती धरायला अरब, मलबारी, कोकणी सगळे एकाच दिशेने धावायचे. पार रिफा गावाहून गाड्या भरभरून माणसं यायची. मला त्या वाळूची अजून फार आठवण येते. तिथं प्रत्येकाला आपापल्या गावची जत्रा मांडायला जागा होती.

मग ऐंशीच्या दशकात सनाबिसच्या बाजूला पक्का हॉल उभा राहिला. एसी, गुळगुळीत फरशी, फरशीवर आखलेल्या रेघा. स्टॉल ॲल्युमिनियमचे, तयारच यायचे. नटबोल्ट आवळले की खलास. पहिल्या दिवशी धाकूदादा बांबू घेऊन आले, तर रखवालदाराने दारातच अडवलं. फरशीला चरे पडतात म्हणे.

त्या वर्षी साहेबाने शिमग्याची रजा एका शब्दात दिली. धाकूदादा बाहेर आले ते हसत, पण जरा गोंधळल्यासारखे. इब्राहिमभाईंनी अत्तराची कुपी त्यांच्या खिशात कोंबली. "देवीला लाव. सांग, माझं दुकान मागं सरकवून तिची वाट ठेवलीय."

धाकूदादा रजा संपण्याआधीच परत आले. मी त्यांच्या खोलीवर गेलो, तर हातोडी, करवत पुढ्यात घेऊन पुसत बसले होते.

"काय दादा, आली का पालखी?"

"आली तर! पोरांनी अंगनात काय फिरवली म्हनून सांगू! अत्तराचा वास नुसता घमघमत होता."

"आणि तुम्ही?"

करवतीवरचा हात थांबला. "मी गेलो ना पुढं खांदा द्यायला. पुतन्या म्हनाला, काका, तुम्ही दमाल, आमची जोडी बसलीय. गुनाचा पोर हाय. त्याचं काय चुकलं नाय."

मी विचारलं, "मग?"

"मग कोनतरी म्हनालं, बहारीनवाल्यांना खुर्ची आना रे. माझ्याच अंगनात, बावा." त्यांनी करवत बाजूला ठेवली. "बसलो."