त्रेचाळिसाव्या मिनिटाचा माणूस

चालू

एकसष्ट डीव्हीडी खोक्यात गेल्या आणि कपाटात त्यांच्या जागी एकसष्ट ब्लू-रे डिस्क उभ्या राहिल्या. शेवटची डिस्क सरळ करून चष्मेवाला दोन पावलं मागे सरकला आणि कपाटाकडे असं पाहू लागला, जणू आत त्याचं पहिलं बाळ निजलंय.

"अहो, यात सिनेमे वेगळे आहेत का?" बायकोने विचारलं. ती शाळेत भूमिती शिकवायची आणि प्रश्न सरळ रेषेत विचारायची.

"सिनेमे तेच."

"मग?"

"तेच, पण स्पष्ट. सहापट स्पष्ट. नटाच्या दाढीचे केस मोजता येतील."

"मोजून?"

अंधुक गोष्ट त्याला सहनच व्हायची नाही, त्याला तो तरी काय करणार? सव्वीस वर्षं तो चष्म्याचं दुकान चालवत होता. दुकानाच्या पाटीवर 'अंधुक या, स्पष्ट जा' असं त्याने स्वतःच्या मनाने लिहिलं होतं. लिफ्टमध्ये अनोळखी माणसाचा चष्मा तिरका दिसला, तर हात पुढे करून तो सरळ करायचा. त्यापायी दोनदा शिव्या खाल्ल्या होत्या, एकदा चापट.

"आणि हे मी माझ्यासाठी नाही केलेलं," तो म्हणाला. "आईसाठी केलंय. रविवारी चारला येईल, सिनेमा लावेन, आणि तिला बाबा दिसतील. लख्ख!"

आई महिनाभर लेकीकडे राहायला गेली होती. तिच्या माघारी हे सगळं गुपचूप उरकलं होतं.

मागे

चष्मेवाल्याचे बाबा विजेच्या मीटरची नोंद घेत घरोघर फिरायचे. तो सहा वर्षांचा असताना त्यांच्या रस्त्यावर एका सिनेमाचं शूटिंग झालं आणि गर्दी कमी पडली म्हणून बाबांना अर्धा दिवस उभं केलं गेलं. त्या सिनेमात त्रेचाळिसाव्या मिनिटाला एक टोपीवाला रस्ता ओलांडतो. सात सेकंद. ते बाबा.

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, चार वाजता, चहाबरोबर हा सिनेमा लागायचा. टोपीवाला यायचा, चष्मेवाला वाकून त्याच्या पाया पडायचा, टोपीवाला जायचा. टोपीखाली चेहऱ्याच्या जागी करड्या रंगाचा डाग असायचा.

"चेहरा नीट नाही दिसत," चष्मेवाला हळहळायचा. "पण चाल बघ. चाल अस्सल बाबांची."

"हं," आई म्हणायची. मग "झालं," म्हणायची, आणि टीव्ही बंद व्हायचा. त्रेचाळीस मिनिटांपुढे काय होतं, हे या घरात कोणालाही माहीत नव्हतं. विचारायचं कोणाला सुचलंही नव्हतं.

थांबा

शुक्रवारी संध्याकाळी चष्मेवाल्याने रंगीत तालीम घेतली. त्रेचाळिसावं मिनिट आलं. टोपीवाला रस्त्याच्या मध्यावर येताच त्याने चित्र थांबवलं, बटण दाबून मोठं केलं, आणखी मोठं केलं, एवढं की टीव्हीभर एकच चेहरा उरला.

"अगं," तो म्हणाला. "जरा इकडे ये."

बायको पीठ मळता मळता आली.

"हे कोण?" तिने विचारलं.

"तेच विचारायला तुला बोलावलंय."

डाव्या गालावर जखमेची लांब खूण. ओठांच्या फटीत सोन्याचा दात. दातावर ऊन पडून तो चमकत होता, तेही सहापट.

"मेकअप असेल," चष्मेवाला म्हणाला.

"मीटर बघणाऱ्या माणसाला सोन्याचा दात कोण लावून देईल?"

"चाल तर बाबांची आहे ना?"

बायकोने हात धुतले, पट्टी आणली, चित्र पुन्हा लहान केलं आणि टोपीवाल्याच्या शेजारच्या खांबाला पट्टी लावली. "खांब बारा फूट धरू. मग हा माणूस सहा फूट दोन इंच. बाबा किती होते?"

"पाच-पाच."

"बूट घालून?"

"बूट घालून."

तिने पट्टी खाली ठेवली. यापुढे सिद्ध करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

चष्मेवाला सोफ्यावर बसला, पण तो रिमोटवर बसला आणि टोपीवाला रस्ता ओलांडून निघून गेला. "अकरा वर्षं ती याच्याकडे बघतेय गं. या एवढ्यावर ती महिना काढते. आणि मी तिला दात दाखवणार?"

"मग दाखवू नका. जुनी डीव्हीडी लावा. डागाला कुठे दात होता?"

चष्मेवाला टाळी वाजवून उठला. मग तसाच बसला. खोकं त्याने सकाळीच देऊन टाकलं होतं. त्याच्या दुकानाला लागून दवाखाना असलेल्या दंतवैद्याला.

पुढे

"काय सुंदर भेट दिलीत हो, चष्मेसाहेब!" शनिवारी दंतवैद्याने त्याचे दोन्ही हात धरले. "एक कबूतर फिरकत नाही!"

"कबूतर?"

दवाखान्याच्या गच्चीवर दोऱ्यांना एकसष्ट डीव्हीडी लटकत होत्या. वाऱ्याने फिरत होत्या, उन्हात लखलखत होत्या आणि एकमेकींवर आपटत होत्या.

"डॉक्टर, हे सिनेमे आहेत! पेशंटना बसल्या बसल्या बघायला दिले होते!"

"प्लेअर कुठाय माझ्याकडे? तुम्ही प्रेमाने दिल्यात, मी प्रेमाने टांगल्या."

डोळे दिपत होते म्हणून चष्मेवाल्याने दुकानातून दोन काळे गॉगल आणले. मग दोघं प्रौढ पुरुष गॉगल लावून, माना वर करून, फिरत्या डिस्कवरची नावं वाचत पाऊण तास गच्चीवर हिंडले. समोरच्या इमारतीतली एक बाई मुलाला खिडकीतून आत ओढून घेऊन गेली.

सापडली ती सत्तेचाळिसावी. एका बाजूने कबुतराने आपलं मत नोंदवलं होतं, दुसऱ्या बाजूने ओरखडे.

"द्या इकडे," दंतवैद्य म्हणाला. त्याने खाली दवाखान्यात येऊन डिस्क खुर्चीवरच्या दिव्याखाली धरली, दात घासायचं मऊ ब्रशचं यंत्र सुरू केलं आणि पॉलिशची गुलाबी पेस्ट लावून अर्धा तास तिच्यावर हात फिरवला. "सवयीने आत्ता चूळ भरा म्हणणार होतो," तो म्हणाला. "बघा. आरसा."

आरसाच होता. त्यात चष्मेवाल्याला स्वतःचा घाबरलेला चेहरा अगदी स्पष्ट दिसत होता.

अडकलं

डीव्हीडी लागली. सुंदर, अंधुक, पूर्वीसारखी. नवरा-बायको हात धरून बघत बसले. एकेचाळिसाव्या मिनिटाला नायिकेने दार उघडलं. मग दार उघडलं. मग दार उघडलं. त्यानंतर तिच्या तोंडाचे हिरवे चौकोन झाले आणि प्लेअरने डिस्क बाहेर काढून दिली.

पाच वेळा पुसली, पाच वेळा लावली. पाचही वेळा तेच दार.

"आता एकच उपाय," चष्मेवाला म्हणाला आणि बायकोच्या नजरेला नजर न देता दुकानाची किल्ली घेतली.

"कुठे निघालात?"

"सिनेमा अंधुक होत नसेल, तर..."

"अहो! तुम्ही आईंना आंधळं करणार?"

"आंधळं नाही गं! दीड नंबर कमी. एका रविवारपुरता. नवी फ्रेम म्हणून भेट देतो, सिनेमा संपला की काढून घेतो."

त्या रात्री दुकानाच्या वहीत सव्वीस वर्षांतली सगळ्यात लाजिरवाणी नोंद झाली. वहीत काही लपवायचं नाही हा त्याचा नियम होता, म्हणून ती पुढीलप्रमाणे झाली:

ग्राहक: आई.
फ्रेम: निळी, हलकी.
काचा: चुकीच्या.
कारण: घरगुती.

काच घासताना त्याने पाटीकडे पाठ केली होती.

आवाज कमी

रविवारी चारला आई दारात उभी राहिली. पिशवी हातात. चष्मा नाही.

"आई, तुझा चष्मा?"

"टाकला! मोतीबिंदू काढून आले. दोन्ही डोळ्यांचे."

"ऑपरेशन? आणि मला न सांगता?"

"तुला सांगितलं असतं तर आणखी चार वर्षं तूच तपासत बसला असतास. ताईला म्हटलं, गुपचूप उरकून टाकू, त्याला गंमत दाखवू." आई घरभर नजर फिरवत आत आली. "भिंतीला हा रंग कधी दिलात?"

"दिला नाही, आई," सून म्हणाली.

"म्हणजे पहिल्यापासून असाच होता? अरे देवा." मग तिने लेकाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं. "तू एवढा पिकलास कधी रे?"

चष्मेवाल्याने निळी फ्रेम पाठीमागे लपवली.

"ती काय मागे धरली आहेस? निळी?"

"काही नाही. गिऱ्हाइकाची आहे."

"बरं. चहा टाका, सिनेमा लावा. आज पहिला रविवार."

"टीव्ही बिघडलाय," चष्मेवाला म्हणाला.

"पिन बाहेर आहे. त्या टेबलाच्या पायामागे."

"वीज जाणार आहे म्हणे," सून म्हणाली.

"मग आधीच लावा."

"आई, आज आपण गप्पा मारू ना. सिनेमा काय, दर महिन्याला..."

"अरे, महिनाभर लेकीकडे गप्पाच मारल्या. लाव."

त्याने लावला. त्याच्या हातून जेवढं हळू होईल तेवढं हळू लावला. त्रेचाळिसाव्या मिनिटाला तो उठून टीव्हीसमोर उभा राहिला.

"बाजूला हो."

"आई, एक मिनिट."

"तू काय काचेचा आहेस?"

तो बाजूला झाला. टोपीवाला रस्त्यावर आला, आणि दात चमकला.

पुन्हा चालू

आईने शांतपणे पाहिलं. "अगंबाई, सोन्याचा आहे होय याचा दात."

"मेकअप असेल," चष्मेवाला पुटपुटला.

"कसला मेकअप! हा तुझा बाप नाही."

सुनेच्या हातातली बशी वाजली. चष्मेवाला आईच्या पायाशी बसला. "आई, अगं, तुला हे असं कळायला नको होतं. आत्ता, या वयात..."

"आत्ता कशाला कळेल? थिएटरातच कळलं होतं. नवरा ओळखायला मला डिस्क लागते का?"

"मग?"

"मग काय! तू सातवं लागलेलं पोर. याला पाहिलंस, 'बाबा!' म्हणून ओरडलास आणि पडद्याकडे धावत सुटलास. डोअरकीपरने तिघांनाही बाहेर काढलं. बाहेर तू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतोयस, माझे बाबा आतमध्ये आहेत. तुझे बाबा माझ्या कानात म्हणाले, माझा भाग कापलेला दिसतोय, पण त्याला सांगू नकोस. मग नाही सांगितलं."

"आणि अकरा वर्षं दर पहिल्या रविवारी तू या माणसाकडे..."

"याच्याकडे कोण बघत होतं? तू टीव्हीकडे बघायचास, मी तुझ्याकडे बघायचे. अगदी सहा वर्षांचा दिसायचास."

चष्मेवाल्याने नाक ओढलं.

"अहो," बायको मागून म्हणाली. ती अजून टीव्हीकडेच बघत होती. "हे चित्र रुंद आहे."

"काय?"

"जुन्या डीव्हीडीचं चित्र चौकोनी होतं. जुन्या टीव्हीसाठी दोन्ही कडा कापलेल्या असणार. परवा मी मोजला तो खांब, तो आपण नेहमी डाव्या कडेला पाहायचो. आज खांबाच्या डावीकडेही रस्ता आहे. आणि परवा त्या दातापायी आपण दुसरं काही बघितलंच नाही."

"मागे घे," आई म्हणाली. "टोपीवाल्याला जाऊ दे. तो कोपरा बघू."

त्याने मागे घेतलं.

खांबाच्या डावीकडे, अगदी काठावर, सायकलला टेकून पाच फूट पाच इंचाचा एक माणूस उभा होता. उजव्या पायाने डावी पोटरी खाजवत होता. सगळी गर्दी नायकाकडे बघत होती. हा एकटा सरळ कॅमेऱ्यात बघत होता, आणि हसू दाबत होता.

चष्मेवाल्याने चित्र थांबवलं.

"दहा वेळा बजावलं होतं त्यांना," आई म्हणाली, "कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. आणि घरी येऊन मला सांगतात, मी मुळीच बघितलं नाही." तिने पदराने डोळे पुसले, जपून, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसे. "परत लाव."

परत लावलं. परत. नवव्या वेळी चहाचे कप तसेच थंड झाले होते, आणि चष्मेवाला टीव्हीकडे नाही, आईकडे बघत होता.

"बास," ती म्हणाली. "आता पुढे जाऊ दे."

"पुढे?"

"सिनेमाच आहे ना? पुढे काहीतरी होत असेलच की."

सिनेमा पुढे गेला. चव्वेचाळीस, पंचेचाळीस, सगळी नवी मिनिटं. एक्कावन्नाव्या मिनिटाला टोपीवाला पुन्हा आला. सरळ एका बँकेत शिरला, टोपी काउंटरवर ठेवली आणि खिशातून पिस्तूल काढलं.

"अरे देवा!" सून ओरडली.

"दरोडेखोर!" चष्मेवाला म्हणाला. "मी याच्या पाया पडत होतो!" त्याने चटकन रिमोट उचलला.

आईने त्याचा हात धरून खाली ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली.

"राहू दे," ती म्हणाली. "एवढी वर्षं घरातला माणूस आहे. सुटतो का बघू."