माहूरकरांची हायब्रीड ट्यूब

रेणुकादास माहूरकरांनी आवाज न करता गाणं ऐकायचं ठरवलं, तिथून या सगळ्याला सुरुवात झाली.

नांदेडला होते तेव्हा त्यांना असं काही ठरवावं लागत नसे. संध्याकाळी ऑफिसातून आलं, की चहाचा कप टेपरेकॉर्डरवर ठेवायचा (डाग पडतो म्हणून बायको, विशाखा, ओरडायची) आणि जुनी नाट्यपदं पार गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातील अशी लावायची. पण मुलगी उर्वी दहावी झाली, तिला डॉक्टर व्हायचं होतं, आणि डॉक्टर व्हायचं तर आधी लातूरला जायचं, हे मराठवाड्यात आता शेंबड्या पोरालाही कळतं. माहूरकरांनी पाटबंधारे खात्यात हातापाया पडून बदली करून घेतली आणि क्लासेसच्या मागच्या गल्लीत ईश्वरप्पांच्या घराचा खालचा मजला भाड्यानं घेतला.

त्या गल्लीत वर नीटच्या परीक्षेची पोरं, खाली नीट, समोर नीट. कुकरची शिट्टी व्हायला लागली, की बायका तिच्यावर ओलं फडकं टाकत. भाजीवाला गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत ओरडे आणि आत शिरला, की मेथीची जुडी नुसती उंच धरून मुकाट चालत जाई. एकदा माहूरकरांना जोराची शिंक आली, तर समोरच्या खिडकीतल्या पोरानं त्यांच्याकडे असं पाहिलं, की याचं मेडिकल हुकलं तर ते आपल्यामुळंच, असं त्यांना दोन दिवस वाटत राहिलं.

टेप माळ्यावर गेला.

विशाखाचा भाऊ आलोक पुण्यात असे. त्याला दाजींची दया आली आणि त्यानं आपले जुने, पण भारीतले हेडफोन पाठवून दिले. माहूरकरांनी ते हौसेनं मोबाइलला लावले. डबीत माशी कोंडावी, तसं गाणं ऐकू आलं.

"दाजी, ते तीनशे ओहमचे आहेत," आलोक फोनवर म्हणाला. "मोबाइलच्यानं नाही ओढले जाणार. अॅम्प लागतो. ॲम्प्लिफायर. छोटा घ्या, टेबलावर मावेल असा."

"महाग असतो का?"

"महाग असतो, स्वस्त असतो. तुम्ही हायब्रीड बघा. पुढं एक काचेची ट्यूब असते, जुन्या रेडिओत असायची तशी. तिच्यानं आवाजाला गोडवा येतो. मागं साधे ट्रान्झिस्टर, ते जोर लावतात. पूर्ण ट्यूबवाला तुमच्या खिशाला झेपायचा नाही."

एवढं बोलून त्यानं फोन ठेवला आणि माहूरकरांच्या डोक्याला भुंगा लागला.

त्यांनी इंटरनेटवर वाचायला सुरुवात केली. एक जण लिही, स्वस्त हायब्रीड म्हणजे स्वर्ग. त्याच्याच खाली दुसरा लिही, स्वस्त हायब्रीड म्हणजे पैसे नाल्यात. एकात म्हणे गाणं नसताना गूं गूं आवाज येतो. एकाची ट्यूब नकली निघते. एक इतका तापला, की पडदा जळाला. (कुणाचा पडदा, कुठं, हे लिहिलेलं नव्हतं. पण माहूरकरांनी त्याच दिवशी खिडकीचा पडदा काढून ठेवला.) जेवताना ते मधेच थांबत आणि म्हणत, "पण गरम व्हायला वेळ लागला तर?" विशाखाला वाटे, भाकरीबद्दल चाललंय.

खरं म्हणजे उर्वीच्या मार्कांची काळजी त्यांना आतून खात होती. पण त्या काळजीचं करायचं काय? फिजिक्स त्यांना येत नव्हतं. पोरीला विचारावं, तर ती "बाबा, प्लीज" म्हणे आणि दार लावून घेई. अॅम्पची काळजी मात्र बसल्या बसल्या, मनसोक्त करता येत होती.

ऑफिसात शेजारच्या टेबलावर ग्यानोबा बसत. नायगावकडचे, घरची शेती, आणि कान माहूरकरांच्या फोनकडे.

"आलोक, हायब्रीडच घ्यावं असं ठरत चाललंय," माहूरकर फोनवर सांगत होते. "पण खात्रीचं मिळेल ना? नंतर काही निघालंच नाही त्यातून, तर?"

फोन खाली ठेवला, तसे ग्यानोबा खुर्ची ओढून जवळ आले. "साहेब, हायब्रीडच्या नादी लागू नका. मी मागच्या साली टाकलं. कणीस हे एवढं, अन् भाकरीला चव न्हाई."

"अहो, ट्यूब आहे ती."

"ट्यूबमंदी बी हायब्रीड निघालं?" ग्यानोबा थक्क झाले. "मग टायर कोणतं टाकायचं?"

शेवटी माहूरकरांनी डोळे मिटून एक अॅम्प मागवला. मागवल्यावर लगेच, तो नको होता, असं त्यांना वाटायला लागलं.

आता ईश्वरप्पांबद्दल सांगायला हवं. अप्पा मूळचे किल्लारीकडचे. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचं घर गेलं, घरात आई होती, धाकटा भाऊ होता. त्यावर ते कधी बोलत नसत. लातूरला येऊन कष्टानं हे घर बांधलं, त्यात इतके खांब घातले, की पाहुण्यांना न्हाणीघर सापडत नसे. आणि एवढं मजबूत घर बांधून स्वतः मात्र बाहेर व्हरांड्यात बाज टाकून राहत. जेवण बाहेर, झोप बाहेर, थंडी असो, पाऊस असो. उशाशी पाण्याचा पेला. रस्त्यानं ट्रक गेला, तरी आधी पेल्याकडे बघत. पाणी हललं का? त्यांची बायको पार्वतम्मा वरच्या मजल्यावर पोरींची मेस चालवे. तीसुद्धा त्यांचं ताट खाली व्हरांड्यातच आणून देई. माहूरकरांना त्या पेल्याचं जरा हसू येई. (ज्या माणसानं न बघितलेल्या पडद्यापायी आपल्या घरचा पडदा काढला, त्याला हसू येई.)

अॅम्प आला. अंगठ्याएवढी ट्यूब, आत लालसर उजेड. माहूरकरांनी देवाला करावा तसा नमस्कार केला, हेडफोन घातले, आणि जुनं नाट्यपद असं ऐकू आलं, की जणू गायकानं शेजारी बसून पान लावलंय. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात कानात आवाज आला. टणणण...

त्यांनी गाणं थांबवलं. पुन्हा, टणणण. वर पार्वतम्मा लोखंडी खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटत होत्या. एकेक घाव छतातून, भिंतीतून, टेबलातून ट्यूबमध्ये शिरत होता आणि कानात घंटा वाजत होती.

"असतंच थोडं," आलोक म्हणाला. "काही ट्यूबा नाजूक असतात, दाजी. हादरा लागला की वाजतात. खाली काहीतरी मऊ घाला."

माहूरकरांनी खाली रुमाल घातला. मग टॉवेल. मग उर्वीचं जुनं स्वेटर. मग विशाखाच्या माहेरची रजई चार घड्या करून. ट्यूब वाजतच राहिली. दारावर टिचकी मारली तरी वाजे. आपल्याला फसवलं, आपल्याला नकलीच पाठवली, हे एकदा डोक्यात बसल्यावर ते गाणं ऐकायचंच विसरले. हेडफोन घालून, आवाजाचं बटण पूर्ण फिरवून, नुसते बसून राहत आणि ट्यूब आता कधी वाजते, याची वाट बघत.

"गाणं लावलंय का?" विशाखा विचारी.

"नाही."

"मग ऐकताय काय?"

माहूरकरांनी रजईला आणखी एक घडी घातली.

त्या रविवारी सकाळी उर्वी आतल्या खोलीत सराव पेपर सोडवत होती. विशाखा पोहे करत होती. माहूरकर दिवाणावर मांडी घालून, डोळे मिटून, कान झाकून बसले होते. वर खलबत्ता चालू होताच. आणि अचानक ट्यूब अशी वाजायला लागली, की आजवर वाजली नव्हती. आधी बारीक किणकिण. मग घूंऽऽ, मग टणटणटण. दिवाणसुद्धा हलला.

'आज ही बाई चटणी कुटतेय की घर?' माहूरकरांच्या मनात आलं. त्यांना फक्त ट्यूबची चिंता. ती निखळून पडली तर? कंपनी परत घेणार नाही. त्यांनी पुढं वाकून दोन्ही हातांनी अॅम्पला कवटाळलं आणि डोळे आणखी घट्ट मिटले.

कुणीतरी त्यांची कॉलर धरली.

डोळे उघडले, तर समोर ईश्वरप्पा. खोलीच्या आत! इतक्या महिन्यांत अप्पा उंबऱ्याच्या आत आलेले त्यांनी पाहिलेच नव्हते. माहूरकरांनी एका कानावरचा हेडफोन बाजूला केला आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "बरं झालं आलात, अप्पा. वर जरा कुटणं थांबवायला सांगता का?"

"आरं, भूकंप हाय!" अप्पा ओरडले. साहेब नाही, तुम्ही नाही. "भायेर चल! चल भायेर!"

आणि त्यांनी माहूरकरांना ओढलं. माहूरकरांनी अॅम्प सोडला नाही. हेडफोन अॅम्पला, अॅम्प भिंतीला. फट्‌कन प्लग निघाला आणि सगळी वरात दारातून बाहेर पडली.

सगळी गल्ली रस्त्यावर होती. टॉवेल गुंडाळलेली पोरं, मेसच्या पोरी, हातात बत्ता घेतलेल्या पार्वतम्मा, जीवशास्त्राचं पुस्तक छातीशी धरलेली उर्वी, हातात झारा घेतलेली विशाखा. आणि मधोमध बनियनवर, डोक्यावर हेडफोन, कडेवर अॅम्प घेतलेले माहूरकर. ट्यूबमधला लाल उजेड सगळ्यांदेखत हळूहळू विझला.

"मी घसा फुटेपर्यंत ओरडले," विशाखाला रडू फुटलं. मग रडता रडताच राग आला. "पोरगी ओरडली! अन् तुम्ही मिठी मारून बसला होतात, तीसुद्धा मशीनला?"

धक्का लहान होता. लातूरभर कुणाला काही झालं नाही, पार्वतम्मांची चटणी तेवढी सांडली. कुणीतरी हसलं, मग सगळी पोरं हसायला लागली. ईश्वरप्पा मात्र रस्त्यावरच खाली बसले होते. पार्वतम्मांनी पाणी दिलं, ते अर्धं सदऱ्यावर सांडलं.

माहूरकर त्यांच्याजवळ उकिडवे बसले. "अप्पा, तुम्ही आत कशाला आलात माझ्यासाठी?"

"पोरगी म्हनली, बाबा आत हाईत." अप्पा जमिनीकडे बघत होते. "त्या टायमाला बी मी असाच भायेर होतो. आत जायाला उशीर झाला."

गल्लीतलं हसणं ऐकू येत होतं. माहूरकरांना त्या पेल्याची आठवण झाली आणि मान वर करवेना. आता काहीतरी बोलायला हवं, या माणसाला जरा बरं वाटेल असं काहीतरी, म्हणून त्यांनी तोंडाला येईल ते सांगायला सुरुवात केली. "चूक माझीच आहे, अप्पा. हिला आधीच कळलं होतं. हादरा बसायच्या आधी ही किणकिणत होती. मीच समजलो, चटणी."

अप्पांनी मान उचलली. "कुनाला कळलं?"

"या ट्यूबला."

"आपल्या आधी?"

"आपल्या आधी."

अप्पांनी हात पुढं केला, अॅम्प मांडीवर घेतला आणि पार्वतम्मांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अप्पा दाराशी आले. "साहेब, थोडे दिस मला द्या की ते." ज्या माणसानं आपल्याला ओढून बाहेर काढलं, त्याला नाही कसं म्हणायचं? माहूरकरांनी स्वतः हेडफोन जोडून दिले. रजई काढून टाकली, अॅम्प उघड्या फरशीवर ठेवला, कारण अप्पांना हादरा हवाच होता. अडचण एकच झाली. व्हरांड्यात प्लग नव्हता आणि वायर आखूड होती. अप्पांनी थोडा वेळ वायरकडे बघितलं, थोडा वेळ उंबऱ्याकडे. मग बाज उचलली आणि आत, जिन्याखाली, भिंतीला लावून टाकली. पार्वतम्मा जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि वर गेल्या. त्या दिवसापासून त्या चटणी शेजारणीकडे जाऊन कुटतात.

माहूरकरांनी आठवडा काढला, पंधरवडा काढला. ट्यूब झिजते, बंद करत जा, असं एकदा सांगून पाहिलं. "झिजू द्या," अप्पा म्हणाले. आलोकला फोन केला, तर तो इतका हसला, की माहूरकरांनीच फोन ठेवला. शेवटी एका रविवारी धीर करून ते अप्पांच्या बाजेशी जाऊन उभे राहिले. अप्पा घराच्या आत, भिंतीला टेकून, हेडफोन घालून, डोळे मिटून बसले होते. चेहऱ्यावर असं समाधान, की माहूरकरांना हेवा वाटला.

"अप्पा, अर्धा तास मिळेल का? एकच पद ऐकतो."

अप्पांनी एक कान मोकळा केला. "काय म्हनले?"

"नाही, म्हटलं... काय ऐकू येतं?"

"काईच न्हाई," अप्पा म्हणाले आणि कान परत झाकून घेतला. "लई ब्येस मशीन हाय, साहेब. तुम्ही उगं त्यात गानी घालून नासवत होता."