ब्लाउजपीसमधली काळजी

सातव्या महिन्यात सूतिकागृहात माझी काळजी काढून घेतली. ती पाव किलो भरली.

त्याआधी भोईर सिस्टरांनी बाकीचे सगळे उपाय करून पाहिले होते. डाव्या कुशीवर झोपायचं, चार आकडे मोजत श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा, संध्याकाळी कोमट पाण्यात पाय बुडवून डोळे मिटून बसायचं. मी सगळं मन लावून करत होते. पण चाराऐवजी पाच मोजले गेले तर बाळाला चालेल का, याचीच मला धास्ती पडायची, आणि रस्त्यावर कुणी हॉर्न वाजवला की पायाखालचं घमेलं उलटं व्हायचं. ब्लडप्रेशर काही उतरेना.

"काढूनच घेऊ या," सिस्टर म्हणाल्या. "दुखत नाही."

काळजी करड्या रंगाची, पिंजलेल्या कापसासारखी होती. सिस्टरांनी ती कागदात बांधून माझ्या सासूबाईंच्या हातात दिली आणि नियम सांगितला. बाळंत झाल्यावर हीच आणून दाखवायची. आईची काळजी सोबत असल्याशिवाय बाळ घरी सोडत नाहीत.

"दुसऱ्या कुणाची आणली तर?" मी विचारलं.

"ज्या बाळाची, त्याचीच लागते."

"अगं, हरवतेय कुठे?" सासूबाई म्हणाल्या. घरी येऊन त्यांनी ती एका हिरव्या ब्लाउजपीसच्या घडीत ठेवली आणि घडी कपाटाच्या खालच्या खणात ठेवली. त्या खणात तीसेक ब्लाउजपीस होते. सगळे कुणी ना कुणी ओटीत घातलेले. आमच्या गावात ओटीतला ब्लाउजपीस कुणी शिवत नाही. तो पुढच्या बाईच्या ओटीत जातो.

माझं ब्लडप्रेशर एकशेवीस-ऐंशीवर आलं. दोन महिने मी दुपारीसुद्धा झोपले. एका बुधवारी मुलगी झाली, दोन किलो आठशे. शुक्रवारी सकाळी सिस्टर म्हणाल्या, "पाचला सुट्टी. काळजी आणलीत?"

सासूबाईंनी घरी जाऊन कपाट उघडलं. हिरवा ब्लाउजपीस नव्हता. चैत्रातल्या हळदीकुंकवाला ढवळ्यांच्या सुनेची ओटी भरली होती, ती हिरव्यानेच, हे त्यांना तिथेच आठवलं. त्या तडक ढवळ्यांकडे गेल्या.

"तरीच!" ढवळ्यांची सून म्हणाली. "गॅस बंद केलाय का बघायला चार-चारदा उठत होते हो मी. तिसऱ्या दिवशी इनामदारवहिनींना देऊन टाकला."

इनामदारवहिनींकडे तो एकच दिवस होता. "ह्यांना यायला दहा मिनिटं उशीर झाला तर मी पोलीस चौकीत! ते भाजी घेत होते. गाव हसलं मला. दिला टेंबेबाईंना."

"टेंबेबाईंना? ओटीत?"

"ओटी कशी भरणार त्यांची? नुसताच दिला. आमच्या मुलीचं गणित घेतलं ना त्यांनी वर्षभर."

टेंबेबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. अकरा वर्षांपूर्वी यजमान गेले, तेव्हापासून त्यांना कुणी ब्लाउजपीस दिला नव्हता, त्यामुळे त्याचं काय करतात हेही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तीन वाजता सासूबाई त्यांना घेऊन सूतिकागृहात आल्या. बाईंच्या अंगात हिरवा ब्लाउज होता. काळजी शिंप्याने अस्तरात घातली होती.

"शिवलात तुम्ही?" सिस्टरांनी विचारलं.

"कापड होतं," बाई म्हणाल्या. "मग काय करायचं होतं?"

सिस्टरांनी ट्रेमधली कात्री उचलली.

"उसवावा लागेल," सिस्टर म्हणाल्या. "नाहीतर बाळ इथेच राहील."

बाईंनी पदर घट्ट ओढून घेतला. "अकरा वर्षं मला पहाटे उठायचं काही कारण नव्हतं. आता महिनाभर उठतेय. कुणीतरी हलतंय की नाही ते बघायला. कोण, ते ठाऊक नव्हतं. परवा दुपारी अडीचला एकदम हलकं वाटलं. पाच मिनिटांनी पुन्हा सुरू."

सिस्टरांनी केसपेपर पाहिला. मुलगी दोन अठ्ठावीसला झाली होती.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी रडायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण त्यासाठी लागणारी वस्तू बाईंच्या अंगावर होती. मी श्वास घेतला. चार मोजून.

"उसवू नका," मी म्हणाले.

सिस्टर डॉक्टरांना विचारून आल्या. नियमात काळजी बाळासोबत घरी गेली पाहिजे एवढंच होतं. ती कुणाच्या अंगावर असावी, याबद्दल काही नव्हतं.

सासूबाईंनी बाळाची दुपटी पिशवीत भरली. मग म्हणाल्या, "बाई, तुम्ही कांदा-लसूण खाता?"

"खाते की."

"मग चला."

रिक्षात बाईंनी ड्रायव्हरला तीनदा सांगितलं, "सावकाश घ्या हो." तिसऱ्यांदा तो म्हणाला, "आजी, आता उतरून ढकलू का?"

त्या आता आमच्या मधल्या खोलीत असतात. पहाटे चारला मुलीच्या नाकाशी बोट धरून बघतात. मी डाव्या कुशीवर झोपलेली असते. ब्लाउज एक दिवसाआड धुतात. ऊन असलं तर दोरीवर वाळायला पाऊण तास लागतो. तेवढा वेळ बाई अंगणात सासूबाईंशी पत्ते खेळतात आणि मी मुलीला घेऊन दोरीखाली उभी राहते.