नावाड्याची हरकत

दिल्लीत, द्वारकेतल्या एका सोसायटीत, चौथ्या मजल्यावरच्या खोलीत, हेरंबची नदी वाहत होती. संगणकावर. धुकं, कंदील, एक होडी आणि घाई कसलीच नाही, असा गेम तो वर्षभर बनवत होता. बघणाऱ्याचे डोळे आपोआप जड व्हायचे आणि नेमकं हेच कंपनीला खटकत होतं. आज दुपारी गुरुग्रामच्या ऑफिसात देवयानी मॅडम तो गेम बघणार होत्या. त्यांना आवडला नाही तर नदी बंद आणि हेरंबची रवानगी पत्त्यांच्या गेमवर.

शेवटची सजावट एआय एजंट, म्हणजे सांगितलेली कामं स्वतःच करणारा प्रोग्राम, करत होता. पण मागे एका एजंटनं कुणालाही न विचारता गेममधला अख्खा डोंगर पुसून टाकला होता. तेव्हापासून प्रत्येक कामाला माणसाची मंजुरी लागे. 'एक बांबू लावू का?' मंजूर. 'त्याच्या शेजारी आणखी एक लावू का?' मंजूर. बांबूचं बेट व्हायच्या आत हेरंबची निघायची वेळ झाली. त्यानं वडिलांना खुर्चीत बसवलं.

"बाबा, हा विचारत राहील. तुम्ही फक्त 'मंजूर' दाबायचं. बस."

शांतारामराव केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून निवृत्त झालेले. त्यांच्या टेबलावरून एकही फाइल पहिल्या फेरीत पुढे सरकली नव्हती. घरीही तेच. "एकदा गावी जाऊन होडीत बसू या हो," असं त्यांच्या पत्नी हेमलताबाई लग्नापासून म्हणत होत्या. तो प्रस्ताव 'सध्या आवश्यकता काय?' या शेऱ्यावर अजून अडकलेला होता.

हेरंबनं कॅबमधून फोन केला. "झालं का बाबा?"

"एक काजवा झाला."

"एकच? अख्खा किनारा भरायचाय!"

"मग संख्येचं समर्थन द्यायला नको? मी विचारलंय त्याला. चांगला मुलगा आहे, सविस्तर उत्तर देतो."

"बाबा, यार, नुसतं बटण दाबा ना!"

"न वाचता? मी? बिल्कुल नाही."

कॅब ट्रॅफिक जाममध्ये उभी होती. हेरंबनं मोबाइलवरून एजंटला कळवलं: एकेक विचारू नकोस. उरलेली सगळी कामं एकत्र कर, बाबांचे शेरे त्यात घाल आणि एकदाच मंजुरी घे.

सगळी कामं एकदम समोर आल्यावर शांतारामराव खूश झाले. "ह्याला म्हणतात प्रस्ताव! आणि एकदा मंजूर झालं की परत उघडायचं नाही, हा माझा नियम," ते हेमलताबाईंना म्हणाले. मग वाचत बसले. धुकं, शेवाळ, पाण्यावर हलणारा उजेड. वाचता वाचता कूलरचा आवाज त्यांना पाण्यासारखा वाटायला लागला. फक्त एका ओळीवर ते थबकले. 'नावाडी प्रवाशाला लगेच होडीत घेईल.' त्यांनी शेरा लिहिला: 'असे कसे? खरे कारण सांगेपर्यंत घेऊ नये.' आणि मंजूर दाबलं.

तिकडे ऑफिसातल्या पडद्यावर नदी उजळली तेव्हा हेरंब नुकताच धापा टाकत पोचला होता. देवयानी मॅडम इंदूरच्या मराठी घरातल्या. त्यांनी प्रवाशाला होडीशी नेलं. नावाड्यानं हात आडवा केला.

'बसण्याचे कारण?'

हेरंब पडद्याजवळ सरकला. हे त्यानं कधी लिहिलंच नव्हतं. मॅडमनी टाइप केलं, 'पलीकडे जायचंय.'

'पलीकडे काही नाही. पुन्हा सादर करावे.'

'वेळ कमी आहे.'

'मग नदीवर का आलात?'

"मॅडम, काहीतरी गडबड झालीय, मी बंद करतो," हेरंब म्हणाला.

"रुको ना." मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. मग हळूच टाइप केलं, 'काही कारण नाही. दमलेय. नुसतं बसायचंय.'

नावाडी बाजूला सरकला. 'मंजूर.'

होडी निघाली. एकेक करत काजवे लागले. कुणाचा तरी फोन वाजून वाजून थांबला, पण कुणी उचलला नाही.

"पत्त्यांसाठी मी दुसरं कुणी बघते," मॅडम शेवटी म्हणाल्या. "पण हा नावाडी कुणी लिहिला रे?"

हेरंबनं आनंदानं घरी फोन लावला. शांतारामरावांनी तो ऐकला, ठेवला आणि पुन्हा नदीत बुडून गेले. चेहऱ्यावर पेन्शनच्या पहिल्या दिवशीही नव्हतं असं समाधान होतं. हेमलताबाई येऊन शेजारी उभ्या राहिल्या. थोडा वेळ त्यांनीही होडी पाहिली.

"अहो, चहा टाकते, पडदा सरकवते, हेरंबसाठी शिरा करते, पुढच्या महिन्यात आपण गावी जाऊन होडीत बसतो आणि रात्री खिचडी. मंजूर?"

"मंजूर," शांतारामराव तंद्रीत म्हणाले. मग एकदम ताठ झाले. "थांब, थांब. होडी? सध्या आवश्यकता..."

"एकदा मंजूर झालं की परत उघडायचं नाही," हेमलताबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

शांतारामरावांनी आधारासाठी नावाड्याकडे पाहिलं. तो धुक्यात बराच पुढे गेला होता.