आप्पांची हरकत

आमचे शेजारी आप्पा पुस्तक वाचतात ते सातबारा तपासावा तसं. कानावर पेन्सिल, नाकावर चष्मा आणि पटलं नाही की समासात लगेच, "हरकत आसा!" तलाठी होते. निवृत्त होऊन विजयदुर्गात घरी बसले, हरकती काही थांबल्या नाहीत. लग्नपत्रिकेवर हरकत, भजनीबुवांच्या पेटीवर हरकत, माझ्या मिशीवर तर लेखी हरकत.

मागच्या महिन्यात कणकवलीहून मी त्यांना एका थोर लेखकाच्या बालपणीच्या आठवणी आणून दिल्या. शाळेपासूनचं माझं लाडकं पुस्तक. आठ दिवस आप्पा खूश! आंब्यांची चोरी, मास्तरांची फजिती, आजीच्या हातची पेज, सगळ्याला "बरो लिवता रे!" एकटेच हसायचे, माझ्या पडवीत ऐकू यायचं.

नवव्या दिवशी पुस्तक घेऊन तरातरा आले. न सांगता नदीवर पोहायला गेला म्हणून वडील लेखकाला वेताने मारतात आणि लेखक लिहितो की त्या दिवसापासून आपलं मन त्यांच्यावरून उडालं, ते प्रकरण. मला ते वाचून दर वेळी रडू येतं.

"हरकत आसा! पोर बुडला म्हणान बापाशीचो जीव अर्धो झालो आसतलो, ता खंय लिवला? लेखकाक पत्र घाल. दुरुस्ती करूक सांग."

"आप्पानु, लेखक जावन वीस वर्सां झाली."

आप्पा मटकन खाली बसले. "मगे आता ह्या असाच रवतला?"

त्यांचा प्रकाश माझा वर्गमित्र. बारा वर्षांचा असताना तोही एकटाच खाडीत उतरला होता आणि आप्पांनी त्याला साऱ्या वाडीदेखत मारलं होतं. आता तो बडोद्याला असतो. बापाशी बोलत नाही.

"मारलंय तेका, ता खरा," आप्पा म्हणाले. "मगे मीच घरामागल्या परड्यात जावन रडलंय. ता तेका खंय म्हायत?"

"तुमीच सांगा तेका," म्हणत मी प्रकाशला फोन लावून त्यांच्या हातात दिला. माझा नंबर बघून तो तिकडून मोकळेपणाने सुरू झाला. "बोल मरे! कसो आसस? अरे, गप कित्याक?"

आप्पांनी फोन कानाशी घट्ट धरला. डोळे मिटून नुसते ऐकत राहिले. शेवटी प्रकाशने कंटाळून फोन ठेवला.

"आवाज," आप्पा हळूच म्हणाले, "माझ्यासारखोच झालो हा रे."