अंगठ्यावरचा नमुना

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत लेखात कृत्रिम नखे घरच्या घरी व निर्धोकपणे कशी काढावीत, आणि तत्पूर्वी ती कशी काढू नयेत, याचे एका प्रसंगाच्या आधारे साद्यंत कथन केले जाईल. ज्या गृहस्थांवर हा प्रसंग ओढवला ते व्यवसायाने बुकबाइंडर असून प्रस्तुत लेखकाच्या अत्यंत निकट परिचयाचे आहेत. त्यांचे दुकान घराच्या पुढल्याच खोलीत असून गल्लीत त्यांना पुठ्ठेकाका म्हणतात. त्यांनी चिकटवलेले पान तीस वर्षांत सुटलेले नाही, आणि हे वाक्य ते दिवसातून दोनदा तरी उच्चारतात.

पुठ्ठेकाकांच्या लेकीची इस्पितळात, नवजात बाळांच्या विभागात, मदतनीस म्हणून निवड झाली होती. रुजू होण्यास आठ दिवस अवकाश होता, म्हणून मैत्रिणीच्या लग्नासाठी तिने पार्लरमध्ये जाऊन दहा बोटांना दहा गुलाबी नखे चिकटवून घेतली. प्रत्येक नखावर एक बारीक पांढरे फूल होते. लग्न पार पडले आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी सहा वाजता इस्पितळातून फोन आला.

"उद्या सकाळी आठला या, पालकांना घेऊन. एक जागा रिकामी झालीय," पलीकडच्या बाई म्हणाल्या. "आणि नखं कापलेली हवीत. मोठ्या सिस्टर दारातच हात बघतात. ही जागा त्याच पायी रिकामी झालीय."

लेकीने आपल्या हातांकडे पाहिले आणि तिच्या तोंडचे पाणी पळाले. पार्लरला त्या दिवशी सुट्टी होती. आई औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करीत असे आणि ते दुकान बंद करूनच घरी येत असे.

"आई येऊ दे. ती काढेल," लेक म्हणाली.

पुठ्ठेकाकांनी हातातील ब्रश खळीच्या डब्यात ठेवला. "तुझी आई गोळ्या विकते. चिकटवण्यातलं तिला काय कळतं? खळ आणि सरस यात माझा जन्म गेला. जो चिकटवतो तोच सोडवू जाणे."

"बाबा, ही पुस्तकं नाहीत. माझी बोटं आहेत."

"म्हणून तर आधी नमुना करू. कारागीर थेट मालाला हात घालत नाही."

येथे वाचकांनी अवधान द्यावे, कारण पुढील सर्व अनर्थाचे मूळ येथे आहे. एखादे नख गळून पडले तर असावे, म्हणून पार्लरवालीने एका डबीत दोन जादा नखे व गोंदाची इवलीशी नळी दिली होती. पुठ्ठेकाकांनी त्यांतील मोठे नख निवडले. स्वतःच्या उजव्या अंगठ्याचे नख काचकागदाने घासून खरखरीत केले, त्यावर गोंदाचा पातळ व एकसारखा थर दिला, गुलाबी नख बरोबर मध्यावर बसवले आणि अंगठा पुस्तकांच्या दाबयंत्रात घालून चाक पाव फेरा आवळले. त्या स्थितीत ते दहा मिनिटे उभे राहिले.

"दुखत नाही का हो?"

"दाब द्यावाच लागतो. नाहीतर जोड कच्चा राहतो."

"पण आपल्याला तो काढायचाच आहे ना?"

"काढायचा आहे. म्हणून काम कच्चं करायचं?"

बापाच्या बोलण्यात काहीतरी चुकते आहे हे लेकीला कळत होते, परंतु नेमके कोठे बोट ठेवावे हे कळत नव्हते, आणि बोटांविषयी तिला त्या क्षणी एकंदरीतच धास्ती वाटत होती.

जुन्या पुस्तकाची पाठ सोडवताना प्रथम वाफ देतात. त्याप्रमाणे पुठ्ठेकाकांनी गॅसवर किटली चढवली व तिच्या तोंडाशी अंगठा धरला. थोड्याच वेळात अंगठा लाल झाला. नख गुलाबीच राहिले.

मग त्यांनी शिलाईचा मेण लावलेला दोरा काढला. "हा नखाखालून ओढला की खटकन सुटेल."

दोरा खटकन तुटला.

"तुझ्या करंगळीवर बघू. पार्लरवालीचं काम कच्चं असेल."

लेक स्वतःच्या दोन्ही हातांवर बसली. "मी उठणार नाही."

इतक्यात वकिलांचा कारकून बांधलेल्या फायली नेण्यास आला. फायली घेताना त्याची दृष्टी पुठ्ठेकाकांच्या हातावर स्थिरावली.

"काका, हे काय?"

"नमुना."

"फूल छान आहे."

"ते त्यातच येतं."

कारकून अत्यंत गंभीर चेहऱ्याने निघून गेला. पुढील पाऊण तासात दुकानात पाच गिऱ्हाइके येऊन गेली. एकाचेही काम नव्हते.

"आई नेलपॉलिश काढायला अ‍ॅसिटोन वापरते," लेक हातांवर बसल्या बसल्या म्हणाली. "कापसावर घेऊन."

पुठ्ठेकाकांनी दोन रस्ते ओलांडून, बायकोचे दुकान टाळून, दुसऱ्या दुकानातून बाटली आणली. परंतु थेंब थेंब काम करणे हा त्यांचा पिंड नव्हता. त्यांनी थर्माकोलची एक वाटी घेतली आणि तीत अर्ध्याहून अधिक बाटली ओतली. वाटीला बूड होते ते विरघळून नाहीसे झाले. मग वाटीही नाहीशी झाली. अ‍ॅसिटोन टेबलावर पसरले आणि तीस वर्षांचे पॉलिश सोबत घेऊन कडेवरून खाली ठिबकू लागले.

त्याच वेळी दारात बायको उभी राहिली. तिने एकदा हुंगले.

"गॅस चालू आहे?"

"किटलीखाली बारीक आहे. का गं?"

ती धावली. तिने गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि टेबलावरचे सारे पुसून ते फडके अंगणात नेऊन टाकले. मगच ती बोलली. "अहो, हे पेट्रोलसारखं पेटतं. पुस्तकांसकट आपण तिघं गेलो असतो."

पुठ्ठेकाकांनी बाटलीला घट्ट बूच लावले. किती घट्ट, हे प्रस्तुत लेखकास ठाऊक आहे.

बायकोने लेकीला खिडकीशी बसवले. नखांची वाढीव टोके कापली, वरची चकाकी कानशीने हलकेच घासून काढली, बोटांच्या कातडीला व्हॅसलिन लावले. मग प्रत्येक नखावर अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा ठेवून त्यावर चंदेरी कागद गुंडाळला.

"आता?" पुठ्ठेकाकांनी विचारले.

"आता वीस मिनिटं काही करायचं नाही."

"ओढायचंसुद्धा नाही?"

"ओढलं तर खालचं नख सोलून येतं. तुम्ही त्या स्टुलावर बसा आणि कशालाही हात लावू नका."

वीस मिनिटांनी लाकडी काडीने हलकेच लोटताच नखे सुटू लागली. दोन हट्टी निघाली, त्यांना आणखी दहा मिनिटे दिली. शेवटी साबणाने हात धुऊन बोटांना तेल चोळले, तेव्हा लेकीची स्वतःची बुटकी, साधी नखे पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आले.

पुठ्ठेकाकांनी अंगठा पुढे केला. बायकोने बाटली उलटी धरली. थेंबही पडला नाही.

"दहा बोटांपुरतं उरलं होतं. अकराव्याचं तुम्ही टेबलाला पाजलंत." तिने अंगठा उजेडात धरून पाहिला. "आणि हे वीस मिनिटांत निघायचंही नाही. पार्लरवालीने नख चिकटवलं होतं. तुम्ही पुस्तक बांधलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मोठ्या सिस्टरांनी लेकीचे हात दोन्ही बाजूंनी पाहिले, नखे दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "ठीक. आत जा, हात धू." मग त्यांनी पालकांच्या सहीसाठी पेन पुढे केले. पुठ्ठेकाकांनी ते मुठीत, लहान मुले धरतात तसे धरले.

"हाताला लागलंय का? दाखवा बघू."

पुठ्ठेकाकांनी मूठ उघडली. सिस्टरांनी वाकून ते फूल जवळून पाहिले.

"कोणी लावलं?"

"मीच. नमुना आहे."

त्यांनी नख चिमटीत धरून किंचित हलवले. ते हलले नाही. "काय काम करता?"

"बुकबाइंडर. माझं पान सुटत नाही."

"ते दिसतंय. आमच्या वॉर्डातल्या बारा रजिस्टरांची पानं सुटलीत. बांधून द्याल?"

पुठ्ठेकाका आनंदाने आत निघाले. सिस्टरांनी हात आडवा केला.

"तुम्ही नाही. या नखासकट नाही. बाहेर बाकावर बसा, रजिस्टरं तुमची मुलगी आणून देईल."

तेव्हा सुज्ञ वाचकहो, नख काढण्यासाठी अ‍ॅसिटोन, कापूस आणि धीर एवढेच लागते, व तिन्ही बायकोपाशी असतात. तिने दुसऱ्याच दिवशी नवी बाटली आणली आहे. परंतु कागदाची घडी दाबण्यास या नखासारखे हत्यार प्रस्तुत लेखकास तीस वर्षांत मिळाले नव्हते, आणि अजून चार रजिस्टरे बाकी आहेत.

येथवर वाचलेत, याबद्दल ऋणी आहे.

आपला नम्र,
पुठ्ठेकाका